इनिशकोराची अकरा घरं

३ जून

सकाळी दुकानात पिठाचं पोतं फोडत होतो, तेवढ्यात पोस्टातल्या बाई रस्ता ओलांडून धावत आल्या. "फेस्टस, डब्लिनचा फोन! ताबडतोब ये, लाइन धरून ठेवलीय त्यांनी!"

फोनवर पक्षाचे प्रतोद होते. आवाज घोगरा, बोलणं थोडकं. "फेस्टस, उद्याच्या गाडीनं ये. चांगला कोट घालून ये."

नऊ वर्षं मी सभागृहात निवडून येतोय. कोणता कोट घालायचा हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. परत आलो तेव्हा माझी बायको डीलिया एका गिऱ्हाइकासाठी बेकन कापत होती. मी बातमी सांगितली.

"मंत्री करतायत?" तिनं विचारलं.

"चांगला कोट म्हणाले."

"मग मंत्री नाही. मंत्र्याला कोटाचं सांगावं लागत नाही."

गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो. पण दुपारी तिनं माझा पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला. ही वही आजपासून सुरू करतोय. आता पुढे जे होईल ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

५ जून, डब्लिन

झालं! जमीन आणि बांधकाम खात्याचा संसदीय सचिव. मंत्री नव्हे, मंत्र्याच्या खालची पायरी, पण सरकारातच. मंत्र्यांची नावं मागच्याच आठवड्यात जाहीर झाली होती. आज आम्हा उरलेल्या सहा जणांना एकेक करून आत बोलावलं. पंतप्रधानांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमच्या भागाची तुम्हाला जाण आहे, मॅनियन. तीच आम्हाला हवी आहे." बोलताना ते हातातल्या कागदावर पुढचं नाव बघत होते. वेळ वाया घालवणारा माणूस नाही.

बाहेर आल्यावर पहिला विचार आला तो इनिशकोराचा. मी त्या बेटावर जन्मलो. चौदाव्या वर्षी किनाऱ्यावरच्या गावात दुकानात कामाला आलो, पुढे त्याच दुकानाच्या मालकाचा जावई झालो. पण थोरला भाऊ बार्टली अजून तिथेच आहे. अकरा घरं. गेली तीस वर्षं ती माणसं एकच गोष्ट मागतायत: बोट लागायला दगडी धक्का. धक्का नाही म्हणून होडी लाटांतून हातांनी उचलून खडकावर घ्यावी लागते. आमचे वडील तशीच होडी उचलताना गेले. घरापासून वीस पावलांवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. प्रत्येक निवडणुकीत मी धक्क्याचं बोललो. आता ते खातंच माझ्याकडे आहे.

डीलियाला तार केली. संध्याकाळी उत्तर आलं: "अभिनंदन. रॉकेलच्या टाकीची किल्ली कुठे आहे."

१५ जून

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. माझे खाजगी सचिव श्री. हॅलिनन; पन्नाशीचे, किडकिडीत, आवाज कधी चढवत नाहीत. फायलीवर सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं बारीकशी फुली करून ठेवतात. या खुर्चीतला मी त्यांचा सहावा साहेब.

"आधीचे पाच जण आता कुठे असतात?" मी विचारलं.

"वेगवेगळ्या ठिकाणी, साहेब," ते म्हणाले.

मंत्रिमंडळाची बैठक मंगळवारी आणि शुक्रवारी. आम्हा खालच्यांना तिथे जागा नाही. आज बैठक चालू असताना दोन वेळा त्या दारावरून गेलो. काम काहीच नव्हतं.

२९ जून

सभागृहाच्या उपाहारगृहात जुन्या मित्रांच्या टेबलाशी बसलो. सगळे कपात साखर ढवळू लागले. मग एक जण म्हणाला, "यंदा गवत चांगलं वाढलंय." बाकीचे म्हणाले, हो, चांगलं वाढलंय. महिनाभरापूर्वी याच टेबलावर आम्ही मंत्र्यांच्या नकला करत होतो. मंत्र्यांच्या टेबलाकडे पाहिलं. रिकामी खुर्ची नव्हती. चहा खोलीतच मागवला.

डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात मिसेस गिल्सेनन यांच्याकडे मी नऊ वर्षं उतरतो. आजवर स्वयंपाकघरात सगळ्या भाडेकरूंबरोबर जेवत होतो. आता त्या मला पुढच्या दिवाणखान्यात वेगळं वाढतात. "सरकारातल्या माणसाला कोबी-बटाट्याच्या वाफेत कसं बसवायचं, मिस्टर मॅनियन?" असं म्हणतात. चांदीचा चमचा असतो. भिंतीपलीकडून बाकीच्यांचं हसणं ऐकू येतं. मान तो मानच, पण तिकडे कशावर हसतात ते मात्र कळत नाही.

२३ जुलै

सात आठवड्यांत आमच्या आयरिश भाषेतला एक शब्द तोंडातून गेलेला नाही. आज पाद्रीबाबांपुढे पापं कबूल करायला गेलो. तीही इंग्रजीत. इंग्रजीत सांगितली की स्वतःची पापंसुद्धा दुसऱ्याचीच वाटतात.

डीलियाला दोन दिवस इकडे येऊन जा म्हणून लिहिलं. उत्तर आलं: दुकान कोण बघणार?

११ ऑगस्ट

मी धक्क्याची फाईल मागवली. हॅलिनननी दोन फायली आणल्या. एक धक्क्याची, पातळ. दुसरी जाडजूड, तिच्यावर नाव 'इनिशकोरा: स्थलांतर'.

"इंजिनियर म्हणतात तिथल्या खडकावर धक्का टिकणार नाही, साहेब. त्याऐवजी सगळ्या कुटुंबांना किनाऱ्यावर घरं आणि जमीन द्यावी, असा विचार आहे."

"कुणाचा विचार?"

"वरचा. गेल्या वर्षीपासूनचा."

मी म्हटलं, ते लोक ऐकायचे नाहीत. हॅलिनन म्हणाले, "मंत्रिमहोदयांचंही तेच मत आहे. म्हणूनच त्यांना वाटतं की हे काम फक्त तुम्हीच करू शकाल."

मंत्रिमहोदयांनी आजवर मला नीट पाहिलेलंही नाही, पण त्यांना असं वाटतं हे ऐकून बरं वाटलं. आणि घरी येईपर्यंत मला पटलंही. धक्का म्हणजे काय, तर बेटावरून सुखरूप उतरायची सोय. बेटच नसलं तर धक्क्याची गरजच उरत नाही. वडील किनाऱ्यावर राहत असते तर म्हातारे होऊन गेले असते.

२० ऑगस्ट

डीलियाचं पत्र. दुकानाच्या चार ओळी, मग: "बेटावर मंत्री स्वतः का जात नाही, तेवढं एकदा विचार." ती थकलीय. एकटीवर दुकान पडलं की माणूस चिडचिड करतं.

१४ सप्टेंबर, इनिशकोरा

आजचं आजच लिहायला हवं.

समुद्र शांत होता. हॅलिनन आणि मी टपालाच्या होडीतून आलो. बार्टलीनं कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडी धरली आणि मला उचलूनच खडकावर ठेवलं. "फेस्टी, लेका, सरकारनं तुला चांगलंच खाऊ घातलंय रे! पाठीत उसण भरली ना माझ्या!" सगळे हसले. हॅलिनननाही तसंच उचललं. ते म्हणाले, "आभारी आहे," आणि टोपी सरळ केली.

शाळेच्या खोलीत सगळी जमली. छत्तीस माणसं. मी आमच्या भाषेत बोललो. इतक्या महिन्यांनी शब्द आपोआप येत गेले. धक्का होणार नाही हे सांगितलं. मग घरांचं सांगितलं. पक्की भिंत, नळ, डॉक्टर तासाभराच्या अंतरावर.

म्हातारी साबिना कॉनीली पुढे बसली होती. गेल्या हिवाळ्यात तिची सून बाळंतपणात गेली; समुद्र खवळलेला, डॉक्टर तीन दिवस पलीकडच्या किनाऱ्यावर उभा होता. ती म्हणाली, "फेस्टी, मी आज होडीत बसायला तयार आहे. पण एक सांग. आम्ही सगळी एकत्र राहू ना? शेजाराला शेजार?"

कागदात तसं काही नव्हतं. तसं नाही असंही नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "अकराच्या अकरा घरं एका रस्त्यावर. सर्व संतांच्या सणाआधी, म्हणजे नोव्हेंबर लागायच्या आत, तुम्ही तिकडे असाल. सरकारचा शब्द."

"सरकारचं राहू दे. तुझा शब्द?"

"माझा शब्द."

हॅलिनन कोपऱ्यात टिपणं घेत होते, ते लिहायचे थांबले. पेनातली शाई संपली असावी.

मग एकेक घर पुढे येऊन सही करून गेलं. बार्टली सर्वांत शेवटी. कागदाकडे त्यानं पाहिलंही नाही, माझ्याकडे बघत सही केली. "तू म्हणतोस म्हणून," एवढंच म्हणाला.

१७ सप्टेंबर, डब्लिन

मंत्रिमहोदय जिन्यात भेटले. "शाब्बास, मॅनियन!" खांद्यावर हात ठेवला. दिवसभर तो हात तिथेच असल्यासारखं वाटत होतं.

२० ऑक्टोबर

आज घरांच्या वाटपाची यादी सहीसाठी आली. पेन्सिलीची फुली नेहमीच्या जागी होती.

चार घरं गॉलवेच्या पलीकडे. तीन घरं तिथून चाळीस मैल आत. तीन वेगळ्या परगण्यात. साबिना एका ठिकाणी, तिच्या मुलीचं घर दुसऱ्या ठिकाणी. बार्टली मीथ परगण्यात, एकटा. तिथून समुद्र बघायचा तर त्याला अर्धा दिवस प्रवास करावा लागेल.

मी हॅलिननना बोलावलं. "मी त्यांना एकत्र म्हणालो होतो. तुम्ही समोर होता."

"होतो, साहेब."

"मग त्या सभेच्या टिपणात ते का नाही?"

ते खिडकीबाहेरच्या भिंतीकडे वळले. "तुमची तिकडची बोली मला नीट समजत नाही, साहेब."

"हॅलिनन, मला सगळे म्हणतात की तुम्ही आमच्या भाषेच्या परीक्षेत पहिले आला होता."

"ते वाक्य मी इंग्रजीत उतरवून फायलीत लावलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले, "तर तो सरकारचा शब्द झाला असता. तसा तो होऊ नये, असं मला निघण्याआधीच सांगितलं होतं."

मी यादीवर सही केली नाही.

२२ ऑक्टोबर

मंत्रिमहोदयांना वेळ नाही. प्रतोदांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं.

"फेस्टस, आता इतका भोळा होऊ नकोस. सव्वीस जण त्या खुर्चीसाठी माझा जीव खात होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाला तुझ्याहून चांगलं भाषण करता येतं. तुलाच का बसवलं असेल?"

"भागाची जाण आहे म्हणून."

"दुसरा कुणी गेला असता तर त्याला दगड मारले असते. तुला मारणार नव्हते. एवढंच." मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी खात्याच्या खर्चावर चर्चा आहे. त्याआधी सही झालेली हवी. पुढच्या फेरबदलात तुझा विचार नक्की करू."

चालत रॅथमाइन्सला आलो. दिवाणखान्यात ताट झाकून ठेवलं होतं. जेवलो नाही. मिसेस गिल्सेननना सांगितलं की उद्यापासून मला स्वयंपाकघरात वाढा. त्या म्हणाल्या, "तिथली तुमची जागा दिली हो दुसऱ्याला."

२५ ऑक्टोबर

सही करायची नाही, बस्स. फाईल टेबलावर पडू दे. हॅलिनन रोज सकाळी ती बाकीच्यांच्या वर काढून ठेवतात, मी रोज सर्वांत खाली सारतो. दोघंही त्याबद्दल बोलत नाही. काहीच न करणं इतकं कष्टाचं असतं हे ठाऊक नव्हतं.

२७ ऑक्टोबर

बार्टलीचं पत्र. त्याला लिहिता येतं हे मी विसरलोच होतो.

"सणाआधी निघायचं म्हणालास म्हणून जत्रेत गाई विकल्या. हिवाळ्यात चुलीत जाळायचा सुकवलेला टर्फ यंदा किनाऱ्यावरून आणला नाही. जिथे राहायचं नाही तिथे जळण कशाला साठवायचं? आता वारा उलटलाय. साबिना खुर्च्या फोडून चुलीत घालते. कधी येतोस ते कळव."

म्हणजे सही केली तर ती माणसं विखुरतात आणि नाही केली तर थंडीनं गारठतात. तीन वेळा वाचलं पत्र. 'का' असं त्यात कुठेच विचारलेलं नाही. 'कधी' एवढंच.

२८ ऑक्टोबर

उद्या शुक्रवार.

सकाळी दहाला फाईल पुढे ओढली. फुली खोडली. यादीच्या खाली मोकळी जागा होती तिथे, इंग्रजीत, माझ्या ओबडधोबड अक्षरात लिहिलं: "१४ सप्टेंबर रोजी इनिशकोरा येथे मी, संसदीय सचिव या नात्याने, सरकारच्या वतीने तेथील रहिवाशांना सांगितले की अकराही कुटुंबांना एकाच ठिकाणी घरे मिळतील. या वचनावर विसंबून त्यांनी सह्या केल्या आहेत. सोबतची यादी या वचनाशी विसंगत असल्याने मी ती नाकारतो." खाली सही, हुद्दा, तारीख. मग बेटावर ताबडतोब जळण पोचवण्याचा वेगळा हुकूम लिहिला.

हॅलिनननी उभ्यानंच वाचलं. "साहेब, हे आता खोडता येणार नाही. पानांना क्रमांक असतात."

"म्हणूनच लिहिलं."

"संध्याकाळपर्यंत तुम्ही या खोलीत नसाल."

"भिंतच तर दिसते इथून," मी म्हटलं.

त्यांनी टीपकागद घेतला, माझी शाई नीट टिपली, खिशातून शिक्का काढून तारखेवर मारला आणि फाईल स्वतः घेऊन खाली गेले. एरवी शिपाई नेतो.

चार वाजता प्रतोदांनी बोलावलं. राजीनाम्याचा मसुदा टंकलेला तयार होता.

३० ऑक्टोबर, घरी

वर्तमानपत्रात आलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. गाडीत दोघांनी माझ्या पोटाची चौकशी केली. एकानं पुदिन्याच्या पाण्याचा उपाय सांगितला.

बेटावर जळण गेलं का ते विचारायला थेट बंदरावर गेलो. नावाडी म्हणाला, "जळण? ते तर मंगळवारीच गेलं की. दोन होड्या भरून. तुझ्या बायकोनं पाठवलं."

घरी डीलिया साबणाच्या वड्या रचत होती. "मला का कळवलं नाहीस?"

"तू कामात होतास," ती म्हणाली. मग म्हणाली, "कोट काढ आणि तो वरचा खोका दे. माझा हात पोचत नाही."

मी खोका दिला. पाच महिन्यांत ती किती बारीक झालीय. याआधी मी तिला एका पत्रात तरी 'तू कशी आहेस' असं विचारलं होतं का, ते आठवून बघतोय.

१९ जानेवारी

डब्लिनहून पाकीट. आत पत्र नाही, फक्त नव्या यादीची प्रत. माझ्या जागी आलेल्या तरुण वकिलानं फाईल वाचली असणार. हुद्द्यासकट लिहून दिलेलं वचन मोडलं तर सभागृहात जाब द्यावा लागेल, हे त्याला कुणीतरी समजावलं असणार. नऊ घरं, एक रस्ता, आमच्या गावापासून सहा मैलांवर. अकरा नाहीत. दोन कुटुंबं वाट बघून कंटाळली आणि नाताळाआधीच बॉस्टनला गेली. साबिनाची मुलगी त्यांच्यात आहे.

पाकिटावर कुणाचं नाव नव्हतं. पत्ता मात्र आमच्या भाषेत होता, एकही चूक नसलेला.

६ एप्रिल

काल सगळी किनाऱ्यावर उतरली. मी लांब उभा राहिलो. साबिनाला दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. तिनं मला पाहिलं. "नऊ," ती म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज डीलियानं दुकान बंद ठेवलं. ती असं कधी करत नाही. गाडीत पीठ, चहा, साखर भरली आणि आम्ही नव्या रस्त्यावर गेलो. तिनं प्रत्येक दारात पुडकं दिलं. शेवटचं घर बार्टलीचं. "इथे तू जा," ती म्हणाली आणि गाडीतच बसून राहिली.

दार उघडं होतं. बार्टली आत उभा होता. नवी लोखंडी चूल, नळ, रंगाचा वास. आमच्याकडे कुणीही दारात आलं, अगदी भांडलेला शेजारी जरी आला, तरी पहिला शब्द असतो 'बस'. त्यानं तो म्हटला नाही. मी पीठ टेबलावर ठेवलं.

"नळाला पाणी येतं?" मी विचारलं.

"येतं."

"चूल पेटते?"

"पेटते."

त्यानं नळ सोडून दाखवला. आम्ही दोघं त्या पाण्याकडे बघत राहिलो. मग त्यानं नळ बंद केला. मी निघालो.

गाडीत बसल्यावर डीलियानं विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही."

"बस म्हणाला?"

"नाही."

तिनं गाडी सुरू केली नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मीही वळून पाहिलं. वारा चांगलाच बोचरा होता आणि घर नुकतंच ऊब धरू लागलं होतं, तरी बार्टलीनं दार लावलं नव्हतं. उंबऱ्यात उभा होता. गाडी वळणापर्यंत गेली तेव्हाही तसाच उभा होता.